अकरा फुटांची मोजणी

मोजणीची ही चौथी तारीख होती. पहिली पावसात गेली, दुसरी निवडणुकीत, तिसऱ्या वेळी शेजारी हजर नव्हते म्हणून मंडळी कागदावर शेरा मारून परतली. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी वाडीच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा हरिश्चंद्र ओट्यावरच्या खुर्चीतून लगेच उठला नाही. खरंच आलेत का ते बघू, मग उठू. शहात्तराव्या वर्षी उठणं हेही एक काम असतं.

“बाबा, आले,” भावेश म्हणाला.

भावेश धाकटा. वापीच्या कंपनीत नोकरीला. रजा टाकून आदल्या संध्याकाळीच आला होता. काखेत निळी फाइल. गेली अठरा वर्षं ती त्याच्याच काखेत होती, डहाणूच्या कोर्टात, तलाठ्याकडे, वकिलाच्या जिन्यावर. थोरला जतीन वाडीत राहिला. फवारणी, तोड, चिकूची खोकी वाणगाव स्टेशनवर पोचवणं हे त्याचं. भावेश कागदांत राहिला. ही विभागणी कोणी केली नव्हती, आपोआप पडली होती.

मोजणीदार एक तरुण बाई होत्या, निलम मॅडम. डोक्याला स्कार्फ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि काठीच्या टोकावर थाळीसारखं गोल यंत्र. बरोबर दोन माणसं, चुन्याची पिशवी घेतलेली.

“वाद कोणत्या बाजूचा?” त्यांनी विचारलं.

हरिश्चंद्राने पूर्वेकडे हात केला. तिकडे निवडुंगाचं आणि तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे डोक्याला रुमाल गुंडाळून चिमण उभा होता. दोघांचे बाप एका शाळेत होते, हे दोघे एका बाकावर. पण अठरा वर्षांपूर्वी ठिबकच्या योजनेसाठी वाडी मोजली आणि सातबाऱ्यावर आहे तेवढी जमीन भरली नाही. कुंपण अकरा फूट आत आलंय, चिमणच्या बापाने ते सरकवलंय, असं हरिश्चंद्र तेव्हा भर चावडीत म्हणाला. चिमण म्हणाला, माझा बाप चोर नव्हता. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी फक्त वकिलामार्फत बोलले.

“खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीजवळ जुना दगड मला सापडलाय,” मॅडम नकाशा बघत म्हणाल्या. “दुसरा रस्त्याकडे, मोरीजवळ असेल. दोन्ही धरून मोजते. म्हणजे नंतर कोणी काही बोलायला नको.”

“नंतर काही उरलंच नाहीये, मॅडम,” जतीन म्हणाला. त्याला ते हसत म्हणायचं होतं, पण तसं निघालं नाही.

साडेअकराला पहिला चुना पडला. चिमणच्या वाडीत, नऊ चिकूंच्या रांगेपलीकडे.

“अकरा फूट दोन इंच,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं म्हणणं बरोबर होतं, काका.”

भावेशने फाइल छातीशी धरली आणि तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते. हरिश्चंद्राने त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. या क्षणी आपण काय म्हणायचं हे त्याने अनेकदा मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं आता एकही वाक्य आठवेना. त्याला फक्त तहान लागली होती.

“पाणी आण,” तो जतीनला म्हणाला.

---

पाण्याची कळशी घेऊन मयुरा, जतीनची बायको, वाडी ओलांडून आली तोवर माणसं पुढे सरकली होती. चिमणची वाडी संपते तिथून रस्त्यापर्यंत तानीचं छोटं भातशेत. तानी हरिश्चंद्राच्या घरी तीस वर्षं चिकू निवडायला येत होती. नवरा तुक्या चार वर्षांपूर्वी गेला. शेताच्या कडेला, चिमणच्या कुंपणाला लागून, तिचं दोन खोल्यांचं घरकुल होतं. भिंतींचा रंग अजून नवा होता.

मॅडम त्या घराच्या दारात काठी घेऊन उभ्या होत्या. चुनेवाला पिशवी घेऊन थांबला होता.

“इथे टाकू नको,” मॅडम त्याला म्हणाल्या. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, “खूण घराच्या आत येतेय. चुलीच्या थोडं अलीकडे.”

“कसली खूण?” तानीचा मुलगा सुनिल पुढे आला. तो उंबरगावला कारखान्यात होता. आज पाळी बदलून घरी थांबला होता, मोजणी शेजारच्यांची असली तरी बघून घेऊ म्हणून.

मॅडमनी नकाशा अंगणातल्या मोटरसायकलच्या सीटवर पसरला. त्यांचा आवाज दमलेला होता, पण त्या घाई करत नव्हत्या.

“हे बघा. तीन जमिनी ओळीने आहेत. खाडीकडे काकांची, मधे चिमणकाकांची, रस्त्याकडे तुमची. रस्ता कधीतरी रुंद झाला, तो तुमच्या जमिनीत अकरा फूट आत आलाय. कागदावर अजूनही ती जमीन तुमचीच आहे. पण डांबर तिच्यावर आहे. मग तुम्ही अकरा फूट इकडे सरकलात, चिमणकाकांच्यात. चिमणकाका अकरा फूट तिकडे सरकले, काकांच्यात. काका शेवटचे. पलीकडे खाडी. त्यांना सरकायला जागाच नव्हती.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तारापूरच्या दिशेने.

“मग रस्त्याने घेतली ती कोण देणार?” सुनिलने विचारलं.

“त्यासाठी वेगळा अर्ज. वेळ लागेल.”

“किती?”

मॅडमनी नकाशाची घडी घातली.

चिमणने डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा सरळ हरिश्चंद्राकडे बघत म्हणाला, “हरी, तुझं तुला लागलं. घे. नऊ झाडांसकट घे. मी माझे अकरा फूट इथून घेतो.”

हे तो सुनिलच्या अंगणात उभा राहून म्हणाला. मयुराच्या हातात कळशी होती. आपण पाणी कोणासाठी आणलं होतं, ते ती क्षणभर विसरली. सासरे आणि चिमणकाका एकमेकांकडे बघत होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भांडण नव्हतं. तिला ते बघवलं नाही.

“तीनपर्यंत ठरवा,” मॅडम म्हणाल्या. “हद्द कायम करायची असेल तर खुणेचे दगड बसवते, सगळ्यांचे जबाब घेते. नसेल तर तसं लिहून द्या.”

---

हिरकणी, हरिश्चंद्राची बायको, मागच्या पडवीत भात उपसत होती तेव्हा तानी तिथे येऊन उभी राहिली. दोघीही सत्तरीच्या आसपासच्या. तानी कधी पुढच्या दाराने आली नाही आणि हिरकणीने तिला कधी ये म्हटलंही नाही. ही गोष्ट हिरकणीला अलीकडे अधूनमधून खटकायची, पण त्याचं काय करायचं ते तिला कळलं नव्हतं.

“बाय,” तानी म्हणाली, “चूल आत्ताच काढू, का जेवून काढू?”

ती रडत नव्हती. बाजारात जाताना पिशवी घेऊ का, असं विचारावं तसं विचारत होती.

“जेव आधी,” हिरकणी म्हणाली. “कोणी काढ म्हटलं तुला?”

“कोण म्हणाला नाय. पण मोठी माणसं दोघं बोलली एकमेकांशी. म्हणून इचारला.”

ती गेली. हिरकणीने भाताचं पातेलं आत नेलं. आत भावेश बोलत होता.

“चिमणकाकांचं आणि तानीमावशीचं काय ते त्यांचं ते बघतील. आपला त्याच्याशी काय संबंध? आपण अर्ज केला, आपल्या बाजूने लागला. संपलं.”

“आपण रेघ ओढली की तिची चूल जाणार,” जतीन म्हणाला. “हा संबंध.”

“ती रेघ मी नाही ओढली, दादा. नकाशात आहे ती.”

“नकाशात पन्नास वर्षं होती. कोणाच्या चुलीत नव्हती.”

“तू बोलू नकोस!” भावेशचा आवाज चढला. “तू एकदा तरी आलास कोर्टात? एकदा? मी रजा टाकून टाकून प्रमोशन घालवलं. माझ्या रियाच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला गेलो नाही. तारीख आहे, तारीख आहे. तू इथे झाडाखाली बसून काय चांगलं काय वाईट ते ठरवत होतास.”

जतीनने मान खाली घातली. ते खरं होतं. मयुराने ताटं मांडली आणि भात वाढला.

“मी पाहिलंय ते,” हिरकणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी लग्न होऊन आले त्याच वर्षी रस्ता रुंद झाला. तुक्याच्या बापाचं खोपट मोडलं. अख्खा पावसाळा तो माणूस बायकोपोरांना, भांड्यांना घेऊन चिमणच्या आंब्याखाली बसून होता. मग चिमणचा बाप म्हणाला, बांध इथेच, माझ्यात. सगळ्या गावाने त्याचं नाव काढलं. मीही काढलं.” ती थांबली. “त्याच उन्हाळ्यात आपल्या कडेला त्याची तार आली. सासरे तेव्हा अंथरुणाला होते. तिथे नुसतं गवत होतं. कोणी गेलं नाही बघायला.”

“आणि अठरा वर्षं तू हे बोलली नाहीस?” हरिश्चंद्राने विचारलं.

“या दोन गोष्टी एक आहेत ते मला आज कळलं. त्या बाईने नकाशावर काय दाखवलं ते मयुराने येऊन सांगितलं तेव्हा.” तिने पदराने हात पुसले. “आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. तुम्ही पुरुषांनी बसून ठरवलं होतं कोण चोर ते.”

हरिश्चंद्राने आमटी भातावर घेतली आणि न कालवता तसाच बसून राहिला.

“एक सांगा,” हिरकणी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “हरलो तर वरच्या कोर्टात जाऊ, असं तुम्ही मला अठरा वर्षं सांगितलंत. जिंकलो तर त्या जमिनीचं काय करायचं, ते मात्र एकदाही बोलला नाहीत. काय करणार होतात?”

हरिश्चंद्राने विचार केला. खरंच विचार केला, कारण प्रश्न सरळ होता. अकरा फूट. नऊ झाडं, तीही म्हातारी.

“काही नाही,” तो म्हणाला. “मला फक्त चिमणने म्हणायला हवं होतं, की हो, तुझं आहे.”

“मग म्हणाला की तो आज.”

“हो,” हरिश्चंद्र म्हणाला. “म्हणाला.”

भावेश ताटावरून उठला आणि बाहेर गेला.

---

चिमण आपल्या वाडीत पंपाच्या कट्ट्यावर बसला होता. हरिश्चंद्र फाटकाने, रस्त्यावरून वळसा घालून गेला. कुंपणातून जायला वाट नव्हती. त्याला दहा मिनिटं लागली.

“बस,” चिमण म्हणाला. सरकून त्याने जागा केली.

हरिश्चंद्र बसला. चिमणचे पाय सुजलेले दिसत होते. हरिश्चंद्राला वाटलं, विचारावं. मग नको वाटलं. मग त्याने विचारलं.

“साखर,” चिमण म्हणाला. “आणि तुझे गुडघे?”

“आहेत अजून.”

“माझ्या बापाला मी चोर म्हणू दिलं नाही,” चिमण म्हणाला. “आज कळलं त्याने काय केलं. त्याने तुक्याच्या बापाला जागा दिली. मोठ्या मनाने दिली. पण दिली तुझ्या बापाची.”

हरिश्चंद्र हसला. हसताना त्याला खोकला आला. चिमणने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“मी सोडलं तर तू तानीचं सोडशील?” हरिश्चंद्राने विचारलं.

“तू सोडलंस तर मला कशाला पाहिजे? पण खरं सांगतो हरी, तू घेतलंस तर मी घेणार. एका बाजूने माझं गेलं आणि दुसऱ्या बाजूने मी दानधर्म केला, असं घरी सांगितलं तर पोरं मला उभं करणार नाहीत. मी माझ्या बापाएवढा मोठा नाही.”

“मीही नाही,” हरिश्चंद्र म्हणाला. “मला नुसता कंटाळा आलाय.”

“मलाही,” चिमण म्हणाला.

---

तीन वाजता तानीच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून निलम मॅडमनी जबाब लिहायला घेतले. मोजणीची हद्द नकाशात दिसेलच, त्या म्हणाल्या, आणि वहिवाटीची रेघ तुटक दाखवेन. दोघांनी आजची वहिवाट मान्य केली, खुणेचे दगड नकोत, एवढं लिहून घेते. कोर्टातला दावा मागे घेणं वकिलाकडून.

“आणि आमचं?” सुनिल म्हणाला.

“तुझं काय, झालं की,” चिमण म्हणाला. “राहा. कोण काढतोय?”

“तसं नको, काका. लिहून द्या. तुमच्या वडिलांनी माझ्या आजाला तोंडीच सांगितलं होतं. तोंडीवर हे घर उभं राहिलं आणि तोंडीवरच आज दुपारी जाणार होतं. तुम्हीच म्हणालात, इथून घेतो.”

चिमणच्या चेहऱ्यावर राग आला. हरिश्चंद्राला वाटलं, आता मोडलं. ज्याला जागा दिली त्याचा नातू जाब विचारतोय, हे चिमणला गिळायला जड जात होतं.

“आणि माझी झाडं?” चिमण म्हणाला. “मलाही लिहून पाहिजे मग. हरीकडून.”

“देतो,” हरिश्चंद्र म्हणाला. “सगळ्यांनी सगळ्यांना लिहून द्या. मीही देतो.”

“माझ्या कागदावर एवढंच येईल,” मॅडम म्हणाल्या. “बाकीचं वकिलाकडे नीट करून घ्या. तिघांचं एकत्र करा. आणि सुनिल, रस्त्याचा अर्ज तू कर. मी नकाशाची प्रत कशी मागायची ते सांगते.”

सह्या झाल्या. तानीने अंगठा नाही, सही केली. सावकाश, एकेक अक्षर. हिरकणी पहिल्यांदा तिच्या अंगणात आली होती, ती हे बघत उभी राहिली. तानीला सही येते हे तिला माहीत नव्हतं.

भावेश रस्त्याच्या कडेला उभा राहून सगळं पाहत होता. वडिलांनी पेन हातात घेतलं तेव्हा त्याला वाटलं, हाक मारतील. तारखा त्याला पाठ होत्या, कोणत्या साली कोणता न्यायाधीश होता तेही. एकदा मुसळधार पावसात तो डहाणूपर्यंत आला आणि कोर्टाचा शिपाई म्हणाला, आज साहेब नाहीत. चिंब कपड्यांनी तो तसाच परत वापीला गेला, आणि घरी कोणाला सांगितलंही नाही. वडिलांनी सही केली. हाक मारली नाही.

तो अंगणात आला.

“बाबा, मला एक बोलायचंय. आत्ताच, सगळ्यांसमोर.”

“बोल.”

“तुम्ही केलंत ते चूक आहे असं मी म्हणत नाही. आईचं, दादाचं, सगळं ऐकलं मी. पण अठरा वर्षं मी धावलो आणि सोडताना मला कोणी विचारलं नाही. तुम्ही चिमणकाकांना विचारलंत. मला नाही.” त्याने फाइल खुर्चीवर ठेवली. “मला माझा हिस्सा वेगळा करून द्या. यापुढे माझ्या जमिनीचं बरंवाईट दुसऱ्याने ठरवायला नको.”

“भावेश,” जतीन म्हणाला, “आत्ता? इथे?”

“कुठे मग? घरात बोललो तर मी भांडतोय असं होतं.”

मयुराने नवऱ्याकडे पाहिलं. जतीनचा चेहरा पांढरा पडला होता. तीस वर्षं त्याने ती वाडी एकच म्हणून सांभाळली होती, एक विहीर, एक पंप, एकच तोड. पण दुपारचं भावेशचं बोलणं अजून त्याच्या कानात होतं.

हिरकणी पुढे होणार होती. हरिश्चंद्राने हातानेच तिला थांबवलं.

“त्याचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मी त्याला विचारायला हवं होतं.”

मग तो मॅडमकडे वळला. त्या यंत्र पेटीत ठेवत होत्या.

“मॅडम, दोन भावांची वाटणी मोजायची, तर कोणता अर्ज?”

मॅडमनी पेटी बंद केली. “पोटहिस्सा मोजणी. ऑनलाइन करता येतो. पण सगळ्यांची संमती लागते, काका. घाई करू नका.”

“घाई नाही. मी आहे तोवर होऊ दे, एवढंच. मी गेल्यावर हे दोघं माझ्यासारखे कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहिले तर मला नको.” त्याने जतीनकडे पाहिलं. “जतीन, पहिली निवड भावेशची. चालेल?”

“चालेल,” जतीन म्हणाला. “पाणी मात्र दोघांचं.”

“पाणी दोघांचं,” भावेश म्हणाला.

“पंच लागतील,” हरिश्चंद्र चिमणला म्हणाला. “येशील?”

“दिवस सांग,” चिमण म्हणाला. “पण सकाळचं ठेव. दुपारी माझ्याने उभं राहवत नाही.”

ऊन खाडीकडे कललं होतं. मॅडमची माणसं गाडीत सामान चढवत होती. हरिश्चंद्राने भावेशला विचारलं, “कोणती बाजू पाहिजे तुला? विहिरीकडची चांगली आहे. तिथली झाडं तरुण आहेत.”

भावेशने वाडीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, मग चुन्याच्या त्या रेघेकडे, जी आता कशाचीच हद्द नव्हती.

“कुंपणाकडची द्या,” तो म्हणाला. “तेवढीच जागा मला ओळखीची आहे.”